गुलमंडीवरून आणलेला फ्रॉक

माय, परवा तुझ्या नातीशी माझं कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून मला तुझाच राग येतोय. तिचा येत नाही, ती तर मजेत आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेलीस तेव्हा ती पोटात होती. आता पुण्याला नोकरी करते, माझ्यापेक्षा उंच आहे आणि बोलायला तुझ्यावर गेली आहे, म्हणजे समोरच्याला दुसरं वाक्य पुरं करू देत नाही. जयंतीसाठी म्हणून सुट्टी काढून घरी आली होती. चौदा एप्रिलच्या सकाळी आंघोळ करून बाहेर आली तर अंगात निळा शर्ट, सैलसर, खिशावर पांढऱ्या दोऱ्याचं काम. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. म्हटलं, "छान दिसतोय गं. नवा ना?" तर हसून म्हणते, "माझ्यासाठी नवा. एका मुलीनं दोन-तीनदा घातलाय फक्त. तिला नको होता, तिनं फोनवर विकायला टाकला. निम्म्याहून स्वस्त पडला मला." हे सांगताना तिचा चेहरा असा, की शर्यतीत पहिला नंबर आलाय.

माझ्या हातातली गाळणी तशीच ओट्यावर पडली. मी म्हणाले, "काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ. जयंतीच्या दिवशी लोकाचं उतरलेलं घालून विहारात येणार तू?" ती बघतच राहिली. "मम्मी, कपडा आहे तो. धुतलाय मी. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मुली घेतात असे, वाया जाण्यापेक्षा बरं ना?" मी म्हणाले, "तुझ्या आजीनं हे बघितलं असतं तर तिनं माझाच हात धरून मला जाब विचारला असता." ती म्हणाली, "आजीचं काय मध्येच?" आजीचं काय, हे मला तिला सांगता येईना. चहा तसाच गार झाला, आणि ती तोच शर्ट घालून विहारात गेली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. कुणाला काही कळलं नाही, कळणार कसं? हे कळणार नाही याची सोय कशी करायची ते मला तूच तर दाखवून दिलंस. म्हणून लिहायला बसले आहे.

तुला आठवत असेल, मुकुंदवाडीला स्टेशनच्या अंगाला आपलं दोन खोल्यांचं घर होतं. वडील चिकलठाण्याला कंपनीत आणि तू सिडकोतल्या त्या लाँड्रीत. शनिवारी माझी शाळा सकाळची असायची, मग दुपारी मी तुझ्याकडे येऊन बसायची. मागच्या खोलीत मोठ्या पातेल्यात साबुदाण्याची खळ शिजत असायची, कोळशाच्या इस्त्रीचा वास, आणि भिंतीला टेकून कपड्यांची गाठोडी. आलेल्या प्रत्येक कपड्यावर खूण घालायचं काम तुझं. टाचणी बिब्ब्यात बुडवायची आणि घेराच्या आत, शिवणीजवळ, गिऱ्हाइकाच्या नजरेस पडणार नाही अशी खूण काढायची. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाची दोन आडव्या रेघा, कुणाची फुली, कुणाचं अर्धं गोल. बाकीच्या बायका खूण घालायच्या ती फराटे ओढल्यासारखी. तुझी रेघ शेवटाला किंचित वर उचललेली असायची, कारण टाचणी काढताना तू मनगटाला झटका द्यायचीस. बिब्ब्यानं तुझी बोटं उतायची, रात्री त्यांना खोबरेल लावत बसायचीस. मी विचारलं होतं, धुऊन धुऊन ही खूण जात कशी नाही? तू म्हणाली होतीस, "कपडा फाटंल पर बिब्बा निघायचा नाय. म्हणून तर लावत्यात."

त्या लाँड्रीत न्यायला कुणी न आलेले कपडेही पडून असायचे. कुणाची बदली झाली, कुणी घर बदललं, कुणी विसरून गेलं. मालक बरेच महिने वाट बघायचा आणि मग दिवाळीच्या आधी कामावरच्या बायकांना म्हणायचा, घ्या ज्याला जे पाहिजे ते. बायका घ्यायच्या, का घेऊ नयेत? चांगल्या घरचे, चांगले कपडे. तू मात्र त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीच्या टेबलाशी पाठ करून उभी राहायचीस. एकदा तुझ्याबरोबरची एक जण म्हणाली, "अगं, ही साडी बघ तरी, कोरी करकरीत हाय." तू म्हणालीस, "कोरी नाय. कोरी दिसती. तुमी घ्या, माझं काय म्हणणं नाय. आमच्यात उतरलेलं अंगाला लावत नसत्यात." मी तिथं कोपऱ्यात बसून डबा खात होते. मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला होता, की दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीला तेच वाक्य म्हणून दाखवलं, कुठल्यातरी वेगळ्याच विषयावर.

आमच्यात का लावत नाहीत, ते तू मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं होतंस. करमाडच्या पुढं तुझं माहेर. तुझी आई तिथल्या मोठ्या घरचं अंगण झाडायची आणि सणाला त्या घरची जुनी लुगडी तिला मिळायची. हातात नाही, भिंतीवरून टाकायचे, ती खाली पदर धरून उभी. तिच्या लग्नातलं लुगडं तसलंच होतं, कुणाच्यातरी हळदीचे जुने डाग त्यावर आधीच पडलेले. पुढं तुम्ही मायलेकी पैसे जमवून बाजाराच्या दिवशी कापडाच्या दुकानात गेलात, तर दुकानदार ठाण लांबूनच उलगडून दाखवायचा. हात लावलेला चालायचा नाही. तू लहान होतीस, बोट लावलंस, तर तो सगळ्यांसमोर ओरडला आणि त्यानं ते कापड तुमच्या गळ्यात मारलं, भाव वाढवून. तुला तो रंगही आवडला नव्हता. हे सांगताना तू घडी घालायची थांबायची नाहीस. फक्त म्हणायचीस, "माज्या लेकरानं कुणाचं उतरलेलं घालायचं नाय. एकच घालंल, पर कोरं घालंल." आपल्या घरी दिवाळीला काही आलं नाही तरी चालायचं, पण जयंतीला प्रत्येकाला नवं कापड ठरलेलं. गुलमंडीला जायचो आपण. तू दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसायचीस आणि घ्यायचं नसलं तरी ठाणामागून ठाण काढायला लावायचीस, प्रत्येक कापड चिमटीत धरून चोळायचीस, नाकाशी न्यायचीस. दुकानदार वैतागायचा. वडील खाली मान घालून बसायचे. तुला त्या वेळी किती आनंद व्हायचा, ते मला तेव्हाही कळत होतं.

आता स्वेटरचं काढते. तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. मी सहावीत होते, डिसेंबरची थंडी, आणि माझ्याकडे स्वेटर नव्हता. मराठीच्या बाईंनी एक दिवस मधल्या सुट्टीत मला बोलावलं आणि पिशवीतून त्यांच्या मुलीचा स्वेटर काढून दिला, मरून रंगाचा, लाकडी बटणांचा. त्यांनी तो कुणासमोर दिला नाही, माय. दार लोटून घेतलं होतं त्यांनी. मी तो घालून घरी आले. इतकं उबदार मी आयुष्यात काही घातलं नव्हतं. तू दारातच मला थांबवलंस, बटणं काढलीस, एक चापट मारलीस आणि विचारलंस, "कुणी सांगितलं घ्यायला? मागितलास तू?" मी म्हणाले, नाही, त्यांनीच दिला. "त्यांनीच देत्यात. आपुन घ्यायचं का नाय ते आपल्या हातात असतंय." तू तो स्वेटर धुतलास, वाळवलास, त्याला इस्त्री केलीस आणि सकाळी माझ्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत आलीस. बाई रिक्षातून उतरत होत्या. वर्गातल्या मुली बघत होत्या. तू म्हणालीस, "बाई, माज्या पोरीला थंडी वाजती का नाय ते मी बघंन. आमी उतरलेलं घेत नसतो." बाईंचा चेहरा उतरला. वर्षभर त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही, पण नाव घेऊन हाक मारायच्या ते बंद झालं, रोल नंबरनं बोलावू लागल्या. तो हिवाळा मी फ्रॉकच्या आत वडिलांचा बनियन घालून काढला. ओठ फुटायचे. पण मी तक्रार केली नाही, कारण मला वाटायचं, आपल्या घराचं हे असं आहे, आपण ताठ आहोत.

त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत ते फाटकापाशी बसून यायचे. घरात खोबरेल सुटं यायला लागलं, साबणाचा तुकडा तुकड्याला चिकटवून वापरायचा, आणि तू किराणावाल्याकडे जायची वेळ बदललीस, दुकानात गर्दी नसेल तेव्हा जायचीस. हे सगळं मला दिसत होतं. मार्च लागला तसं मीच तुला म्हणाले, "माय, यंदा जयंतीला मला नको काही." तू भडकलीस. "कोरं मिळंल तुला. मिळंल म्हनले ना?" आणि मिळालं. चौदा एप्रिलला सकाळी तू पिशवी माझ्या हातात दिलीस. गुलमंडीच्या त्या दुकानाची पिशवी, तिच्यावर दुकानाचं चित्र. आत पातळ कागदात गुंडाळलेला फ्रॉक. आकाशी निळा, सुती, बारीक पांढऱ्या फुलांचा, गळ्याला लेस. मागून पुठ्ठा घातलेला, बाह्यांना टाचण्या लावलेल्या. घडी उलगडली तशी खळीची करकर ऐकू आली आणि तो वास आला, कोऱ्या कापडाचा. मी तो तोंडावर धरून उभी राहिले. विहारात बायका घेर हातात धरून बघत होत्या. एक म्हणाली, "लई झ्याक हाय गं, कुठून आणला?" तू पदर सावरत म्हणालीस, "गुलमंडीवरून. पसंत करायलाच अर्धा दिवस गेला." मला अजून तुझा आवाज ऐकू येतो. कामाचा एक दिवसही न चुकवणारी माझी आई माझ्यासाठी अर्धा दिवस दुकानात बसली, याचंच मला त्या फ्रॉकपेक्षा जास्त अप्रूप वाटलं होतं.

वर्षभरात मी वाढले. फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला. घेर आत चांगला वीतभर दुमडलेला होता, म्हणून मी म्हणाले, उसवून लांब करूया. तू म्हणालीस, नको, जुना झाला, ठेवून दे. त्यावेळी मला तू कंटाळा करतेस असं वाटलं. शाळेत बक्षीस समारंभ होता, मला तोच घालायचा होता. तू कामावर गेल्यावर मी वडिलांच्या दाढीचं पातं घेतलं आणि दारात उजेडाला बसून टाके काढायला लागले. तुला चकित करायचं होतं मला. घेर उलगडत गेला आणि आतला निळा रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा निघाला. उलगडलेला एक पट्टा गडद, मग जुन्या दुमडीची फिकट रेघ, मग आणखी एक. म्हणजे तो फ्रॉक आधी एकदा कुणासाठीतरी आखूड केला गेला होता, मग लांब केला होता, मग पुन्हा आखूड. आणि शिवणीजवळ, अगदी आत, बिब्ब्याची खूण. दोन आडव्या रेघा आणि खाली एक ठिपका. रेघा शेवटाला किंचित वर उचललेल्या.

मी पहिल्यांदा तुझ्यासाठी बहाणे शोधले, खरंच सांगते. म्हटलं, तूच कधी लाँड्रीत धुवायला नेला असशील. पण आपले कपडे तू कधीच तिथं नेले नाहीस, मालकाच्या कोळशावर आपली इस्त्री नको म्हणून. मग म्हटलं, दुकानदारानं तुला फसवलं असेल. पण खूण तर तुझ्या हातची होती. तो कुणा दुसऱ्या पोरीचा फ्रॉक म्हणून तुझ्यासमोर आला तेव्हा तूच त्यावर टाचणी टेकवली होतीस, तेव्हा तुला काय माहीत, की हीच खूण तुला पुढं लेकीपासून लपवावी लागेल. पुसता येत नाही म्हणून तू ती आत दुमडून टाकलीस. खळ तुझी, टाचण्या लाँड्रीच्या, पुठ्ठा शर्टातला, पिशवी आदल्या वर्षीची. आणि अर्धा दिवस? अर्धा दिवस कुणीच कुठं बसलेलं नव्हतं.

माय, तू मला फसवलंस. फ्रॉक जुना होता याचं मला तेव्हाही फार वाईट वाटलं नव्हतं. तू सांगितलं असतंस, की यंदा पैसे नाहीत, हा घे, चांगला आहे, तर मी उड्या मारत घातला असता. मला राग स्वेटरचा आला. एक वर्ष आधी, उघड, सरळ, मायेनं दिलेली वस्तू तू माझ्या अंगावरून काढून घेतलीस, बाईंना मुलींसमोर शब्दांनी फटकावलंस, मला हिवाळाभर कुडकुडत ठेवलंस. का, तर तत्त्व. आणि ते तत्त्व तुझ्या सोयीनं वाकत होतं, फक्त मला दिसता कामा नये एवढंच. दाखवायचे दात वेगळे, असं लोक दुसऱ्यांच्या आयांबद्दल बोलतात. मी त्या दिवशी दारात बसून तुझ्याबद्दल बोलले. आणि एक प्रश्न मला आजवर सतावतो. दिवाळीआधी मालक बायकांना कपडे वाटायचा तेव्हा तू पाठ करूनच उभी असायचीस. मग हा फ्रॉक तुझ्याकडे आला कसा? मालकानं दिला, की सगळ्या गेल्यावर तू मागे थांबून मागितलास? "मागितलास तू?" हाच प्रश्न तू मला विचारून चापट मारली होतीस.

मी तुला विचारलं नाही. उसवलेला घेर पुन्हा शिवला, वेडेवाकडे टाके घालून, आणि फ्रॉक ट्रंकेत तळाशी ठेवला. समारंभाला शाळेचा गणवेश घालून गेले. तूही विचारलं नाहीस. पण पुढं कधीतरी ट्रंक उघडली तर माझे टाके नव्हते. तिथं तुझे होते, बारीक, सरळ, एकसारखे. म्हणजे तुला कळलं होतं, की मला कळलं आहे. तू माझे टाके उसवलेस, ती खूण पुन्हा पाहिलीस आणि पुन्हा शिवून टाकलीस. दोघी एका छताखाली इतकी वर्षं राहिलो, तू माझं लग्न लावून दिलंस, दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसले, आणि हा विषय निघाला नाही. शेवटच्या दिवसांत तू एकदा माझ्या साडीचा काठ बोटांत धरून चोळलास आणि म्हणालीस, "कोरी हाय." मी हो म्हणाले. तेव्हा बोलायला हवं होतंस, माय. खोलीत आपण दोघीच होतो.

याचं माझं पुढं काय झालं, ते ऐक. मी कपड्यांच्याच दुकानात नोकरी धरली. जालना रोडवरचं मोठं दुकान, काचेचं दार, बायकांचा मजला माझ्याकडे. शहराच्या नावाच्या पाट्या बदलल्या, सिडकोतली तुझी लाँड्री जाऊन तिथं केकचं दुकान आलं, पण गिऱ्हाईक तेच. कोण आधी किमतीची चिठ्ठी उलटून बघतो आणि कोण आधी आरसा बघतो, यावरून मी त्याचं घर सांगते. लग्नाच्या खरेदीला करमाडकडून बायका येतात, त्यातल्या काही अजून काचेच्या दाराबाहेर चपला काढतात. मध्यंतरी एक म्हातारी साड्यांच्या समोर हात मागे बांधून उभी होती. मी जवळ गेले तर विचारते, "हात लावला तर चालंल का, बाई?" मी म्हणाले, "लावा की, मावशी. तुमच्यासाठीच लावल्यात." तिनं काय केलं असेल? चिमटीत धरून चोळली आणि नाकाशी नेली. मी तिथून निघून गेले.

आणि घरी? घरी कपाटात चिठ्ठी न काढलेले कपडे भरलेत. नवरा म्हणतो, तुझं कपाट म्हणजे तुमच्या दुकानाची शाखा आहे. मी घ्यायच्या आधी घेर उलटून आत बघते, प्रत्येक वेळी. तुझी नात झाली तेव्हा सासूबाईंनी जावेच्या मुलांची मऊ झबली आणली. तान्ह्याला कोरं घालू नये, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी ती परत पाठवली आणि नवी आणायला लावली. पोरीच्या मानेवर पुरळ आलं. सासूबाई म्हणाल्या, "कसला गं हा माज?" मी त्यांना काय सांगू? माझ्या माजावर माझाच विश्वास राहिला नव्हता, तरी तो सोडता येत नव्हता.

आणखी एक. आमच्या दुकानात लोक कपडे परत करतात. लग्नात मिरवून येतात आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठीसकट परत, माप बसलं नाही म्हणून. अत्तराचा वास येत असतो, काखेत घामाचा डाग. मालक म्हणतो, घ्या, गिऱ्हाईक तुटता कामा नये. मग ते वाफ देऊन, पातळ कागद घालून, टाचण्या लावून पुन्हा कोरे म्हणून टांगायचे. दुकानात हे काम सगळे माझ्याकडेच देतात. मी टाचणी लावली, की कुणाच्या बापाला ओळखू येत नाही.

तर परवा भांडण झाल्यावर तुझी नात विहारातून आली आणि काही झालंच नाही अशा थाटात तुझ्या घरून आणलेली ट्रंक उचकायला लागली. तिला म्हणे जुन्या कपड्यांची आवड आहे. तळातून तो फ्रॉक निघाला. "मम्मी, हा तुझा? किती गोड आहे! याचा मला टॉप होईल." तिनं तो अंगाला लावून बघितला, मग जुन्या कापडाच्या पारखी बाईसारखा घेर उलटा केला. मी जागची हलले नाही. तुझे टाके तिच्या बोटाखालून सरकत होते. "कुणी शिवलंय हे? मशीनपेक्षा बारीक आहे." मी म्हणाले, "तुझ्या आजीनं." ती म्हणाली, "हा आजीनं घेतला होता तुला?"

आता सांगून टाकावं, असं मला फार वाटलं. तिला तर काहीच वाटलं नसतं. ती म्हणाली असती, वा, म्हणजे आजी माझ्या आधीपासून हे करत होती! आणि तिनं ते फोनवर मैत्रिणींना सांगितलं असतं, फ्रॉकचा फोटो काढून. तिला भिंतीवरून कुणी काही टाकलेलं नाही. दुकानात ती वाटेल त्याला हात लावते, वाटेल ते परत ठेवते, तोंड वर करून निघून येते. तिच्यासाठी जुना कपडा जुना कपडाच असतो. हे तिला कुणामुळे मिळालं, ते मला कळतं. पण मला जी थंडी वाजली ती वाजलीच ना, माय. तिचं भलं झालं म्हणून माझा हिशोब मिटत नाही.

फ्रॉक ती पुण्याला घेऊन गेली. मी एवढंच बजावलं, की घेराला हात लावायचा नाही, वरून काय कापायचं ते काप. ही चिठ्ठी त्याच फ्रॉकच्या घडीत ठेवून द्यायचं मनात होतं. आता फ्रॉकच नाही, मग ती कुठं ठेवायची ते मला सुचलेलं नाही, त्यामुळे राहील अशीच पडून. तू मला फसवलंस, हे मी माझ्या मरेपर्यंत म्हणणार आहे. पण तिनं विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, तेवढं तुला कळायला हवं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "हो. गुलमंडीवरून. पसंत करायलाच तिचा अर्धा दिवस गेला होता."